आर्थिक समावेशनामुळे गरिबी हटली असं कोणी म्हणालं तर ते तपासायचं कसं

"अमुक देशात एवढे कोटी लोक बँकेशी जोडले गेले, आता अर्थव्यवस्थेला चालना मिळणार" या धाटणीचं वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलंच असेल. परीक्षेच्या नोट्समध्ये असतं, सरकारी जाहिरातीत असतं, फिनटेकवाल्यांच्या (म्हणजे फोनवरून पैशांच्या सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या) प्रेझेंटेशनमध्ये तर पहिल्याच स्लाइडवर असतं. या वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो, दुसरा मात्र नुसता चिकटवलेला असतो. खाती उघडली जाणं वेगळं, आणि त्यामुळे लोकांचं उत्पन्न, धंदा किंवा आजारपणात तग धरायची ताकद बदलणं वेगळं, मधे बरंच काय काय घडावं लागतं. ते घडलं का हे कसं बघायचं ते सांगतो, त्याला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही, थोडा चिवटपणा लागतो.

आधी विचारा, नक्की काय दिलं लोकांना?

आर्थिक समावेशन म्हणून जे सांगितलं जातं त्यात निदान चार गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात: पैसे पाठवणं आणि मिळणं, बचत, कर्ज, आणि विमा. चौघांचा परिणाम वेगळा, ज्यांच्यावर होतो ती माणसं वेगळी, आणि पुरावा तर अजिबातच सारखा नाहीये. त्यामुळे "समावेशन चांगलं की वाईट" या वादात पडूच नका, यातलं कुठलं ते आधी ठरवून घ्या.

कर्जाचंच बघा, कारण सगळ्यात जास्त गाजावाजा त्याचाच झाला. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली, १९८३ मध्ये ग्रामीण बँक रीतसर बँक झाली, २००६ मध्ये युनूस आणि बँक दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं, आणि मायक्रोफायनान्स म्हणजे गरिबीवरचा रामबाण उपाय असं वातावरण तयार झालं. मग संशोधकांनी लॉटरी पद्धतीने वस्त्या, गावं किंवा अर्जदार निवडले, काहींना कर्ज उपलब्ध करून दिलं, काहींना तूर्त नाही, आणि वर्ष-दोन वर्षांनी जाऊन दोन्हीकडची घरं तपासली. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले निकाल २०१५ मध्ये एकत्र छापून आले, त्यातला भारतातला प्रयोग हैदराबादच्या वस्त्यांमधला होता, अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींचा. सार सगळीकडे साधारण एकच निघालं, की काहींचा धंदा थोडा वाढतो, खर्चाचं गणित बसवायला लोकांना जरा मोकळीक मिळते, पण सरासरी घराचं उत्पन्न डोळ्यात भरेल एवढं वाढत नाही. सरसकट नुकसान झाल्याचंही दिसलं नाही, हेही सांगायला हवं. तेव्हा "छोट्या कर्जांमुळे लाखो कुटुंबं गरिबीबाहेर" असं कोणी ठोकून दिलं तर तिथेच थांबवून पुरावा मागा.

बचतीची गोष्ट वेगळी निघाली. पश्चिम केनियात पास्कलीन डुपास आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी छोट्या धंदेवाल्यांना बचत खातं फुकट उघडून दिलं. खात्यावर व्याज शून्य, उलट पैसे काढायला फी, म्हणजे खरं तर खातेदाराचं नुकसानच. तरीही बाजारात माल विकणाऱ्या बायकांनी ते खातं वापरलं, आणि धंद्यात रोज घातलेला त्यांचा पैसा ३८ ते ५६ टक्क्यांनी वाढला. सायकल टॅक्सी चालवणाऱ्या पुरुषांमध्ये असं काही दिसलं नाही. व्याज मिळत नसताना, वर फी भरून कोणी पैसे ठेवतंय याचा अर्थ हाताशी असलेली रोकड सांभाळणं तिला त्याहून महाग पडत होतं, कोणीतरी मागतं, घरात खर्च निघतो, पैसे संपतात. खात्याचा फायदा कधीकधी एवढाच असतो की पैसे हातापासून जरा लांब राहतात.

आता हे वाचून लगेच "बचत खाती उघडा, देश सुधारेल" म्हणू नका, कारण डुपास यांनीच पुढे सहकाऱ्यांबरोबर युगांडा, मलावी आणि चिली या तीन देशांत तसाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, खातं फुकट उघडून दिलं, आणि दोन वर्षांत पाच किंवा जास्त वेळा पैसे भरणारे निघाले युगांडात १७ टक्के, मलावीत १० टक्के आणि चिलीत जेमतेम ३ टक्के. एकूण बचतीवर किंवा राहणीमानावर परिणाम सापडला नाही. एक प्रयोग बघून मत बनवायचं नसतं ते यासाठी.

विम्याबद्दल लोक फार बोलत नाहीत, पण उत्तर घानातल्या शेतकऱ्यांवर एक छान काम झालंय. काहींना रोख रक्कम दिली, काहींना पावसाचा विमा दिला. विमा असलेल्यांनी शेतीत जास्त पैसा घातला, नुसती रोकड मिळालेल्यांमध्ये तो फरक बराच कमी होता. म्हणजे तिथे शेतकरी पैशापेक्षा जास्त भीतीपोटी अडून बसला होता. अशा ठिकाणी कुणी कर्जाची योजना घेऊन गेलं तर उपयोग किती होणार?

खातं आहे की चालू आहे?

जागतिक बँक २०११ पासून ग्लोबल फिन्डेक्स नावाचं सर्वेक्षण करते, दर तीनेक वर्षांनी. १५ वर्षांवरच्या लोकांना विचारतात की तुमचं बँकेत किंवा तशा संस्थेत खातं आहे का, एकट्याच्या नावावर किंवा जोडीने, किंवा गेल्या वर्षभरात मोबाइल मनी वापरलंय का. जगभरात "हो" म्हणणारे २०११ मध्ये ५१ टक्के होते, २०१७ मध्ये ६९, २०२१ मध्ये ७६ आणि २०२४ मध्ये ७९ टक्के. खातं नसलेले प्रौढ २०१७ मध्ये १७० कोटी होते ते २०२४ पर्यंत सुमारे १३० कोटींवर आले. वाढ खरी आहे, यात वाद नाही.

पण हेडलाइनमध्ये येतो तो हाच आकडा, आणि आपल्याला हवा असतो त्याच्या खालचा. भारताचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. २०११ मध्ये ३५ टक्के प्रौढांचं खातं होतं, ऑगस्ट २०१४ मध्ये जन धन योजना आली आणि २०१७ पर्यंत प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं, एवढ्या मोठ्या देशात एवढ्या वेगाने हे होणं सोपं नव्हे. त्याच २०१७ च्या सर्वेक्षणात भारतातल्या खातेदारांपैकी ४८ टक्के लोकांनी वर्षभरात खात्यात पैसे भरलेही नव्हते आणि काढलेही नव्हते. २०२१ मध्ये हे प्रमाण ३५ टक्क्यांवर उतरलं, पण भारत सोडून बाकी विकसनशील देशांची सरासरी तेव्हा ५ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे योजना फसली का? तसंही नाही. खातं आधी उघडतं आणि सवय मागून लागते, त्याला वर्षं जातात. पण ज्या खात्यात वर्षभर एक रुपयाही हलला नाही त्याने त्या वर्षी कुणाचं उत्पन्न वाढवलं नाही, एवढं तर नक्की.

जाता जाता, २०१७ चे ८० टक्के २०२१ मध्ये ७८ झाले म्हणून "घसरण" अशा बातम्या करायच्या नसतात. हे नमुना सर्वेक्षण आहे, बहुतेक देशांत हजारेक लोकांना विचारतात, मोठ्या देशांत थोड्या जास्त. दोन टक्के इकडे तिकडे व्हायचेच.

वापर बघताना अजून एक पायरी खाली उतरा. खात्यात सरकारी अनुदान येतं आणि माणूस त्याच दिवशी सगळं काढून घेतो, हे खातंही आकडेवारीत चालूच दिसतं. त्याला नावं ठेवायची गरज नाही, कारण पैसे पोचण्याचाही फायदा असतोच. आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बायोमेट्रिक स्मार्टकार्डवरून द्यायला लागल्यावर पैसे लवकर मिळाले आणि गळती कमी झाली, असं मोठ्या प्रयोगात दिसलं. फक्त हा फायदा सरकारी कारभाराचा आहे, बचतीची सवय लागल्याचा नाही, दोन्हींची सरमिसळ करू नका.

कोणाच्या नावावर, आणि पैसे कोणाच्या हातात

विकसनशील देशांत खातं असण्यात पुरुष आणि स्त्रियांमध्ये बरीच वर्षं ९ टक्क्यांचं अंतर होतं, २०२१ मध्ये ते ६ वर आलं. इथेही नावापेक्षा हात महत्त्वाचा. मध्य प्रदेशात रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात काही बायकांना नुसतं स्वतःचं खातं मिळालं, आणि काहींना खातं, ते वापरायचं थोडं प्रशिक्षण आणि रोजगार हमीची मजुरी नवऱ्याच्या खात्यात न जाता थेट स्वतःच्या खात्यात, असं तिन्ही मिळालं. नंतर कामासाठी जास्त बाहेर पडल्या त्या दुसऱ्या गटातल्या, सरकारी कामावरही आणि खासगी कामावरही. बाईने बाहेर काम करण्याबद्दलची मतंही तिथे थोडी सैल झाली. खातं दोन्ही गटांत होतं बरं का, फरक पडला तो मजुरीची वाट बदलणं आणि प्रशिक्षण यांमुळे. म्हणून "५६ टक्के खाती महिलांची" असलं काही वाचलं की पुढचा प्रश्न हाच, की त्यात येतं काय आणि काढतं कोण.

तुलना कशाशी केलीय ते शोधा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, शिकलेले पण. श्रीमंत देशांत खाती जास्त असतात हे खरंय, पण देश श्रीमंत झाला की खाती आपोआप वाढतातच, पगार बँकेत येतो, भाडं बँकेतून जातं. ज्याने कर्ज घेतलं त्याचा धंदा वाढला हेही खरं असेल, पण मुळात कर्ज मागायला जाणारा माणूस इतरांपेक्षा जास्त धडपड्या असतो. तर रिपोर्टमध्ये "खातेदारांचं उत्पन्न बिगर-खातेदारांपेक्षा जास्त आढळलं" एवढंच असेल तर तो पुरावा धरू नका. कुणीतरी बाहेरून, लोकांच्या इच्छेशी संबंध नसलेल्या कारणाने सेवा कुठे आली आणि कुठे नाही आली, असं काही सापडलं तरच तुलना टिकते.

केनियाचं एम-पेसा घेऊन हे सावकाश बघू, कारण आफ्रिकेबद्दल बोलताना हमखास येणारा आकडा तिथलाच आहे. मार्च २००७ मध्ये सफारीकॉमने ही सेवा सुरू केली, जवळच्या एजंटकडे रोख द्यायची, ती फोनमध्ये जमा होते, मेसेजने दुसऱ्याला पाठवायची, तो त्याच्या जवळच्या एजंटकडून काढतो. बँक लागत नाही, साधा फोन पुरतो. तावनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २००८ पासून तीच तीच घरं पुन्हा पुन्हा जाऊन विचारली. एजंट इतक्या झपाट्याने पसरले की काही घरांच्या आसपास अचानक पुष्कळ एजंट आले आणि काहींच्या आसपास कमी, आणि त्या पसरण्याचा आधीच्या संपत्तीशी संबंध दिसत नाही हे त्यांनी तपासलं. मग जास्त एजंट आलेल्या आणि कमी आलेल्या घरांची तुलना. पहिल्या पेपरमध्ये निघालं की आजारपण, नोकरी जाणं, पीक बुडणं असा फटका बसला की न वापरणाऱ्यांचा घरखर्च ७ टक्क्यांनी घसरतो, वापरणाऱ्यांचा घसरत नाही, कारण लांबचे नातेवाईक लगेच थोडे थोडे पैसे पाठवतात. २०१६ च्या पेपरमध्ये तो प्रसिद्ध आकडा आला, की एम-पेसामुळे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे केनियातली २ टक्के कुटुंबं, गरिबीतून वर आली, आणि १,८५,००० बायका शेती सोडून छोट्या धंद्याकडे वळल्या.

आता तुमचं काम. पहिलं, ही मोजलेली घरं नाहीत, सुमारे १,६०० घरांच्या नमुन्यावरून पूर्ण देशाचा काढलेला अंदाज आहे, तो तसाच सांगायचा. दुसरं, हा परिणाम पैसे पाठवण्याच्या सेवेचा आहे. त्याच फोनवर २०१२ पासून एम-श्वारी आणि मग इतर झटपट कर्जं मिळायला लागली, त्यांचा हिशोब वेगळा करायचा, पण फिनटेकच्या स्लाइडवर लोन ॲपच्या शेजारी हे २ टक्के बिनधास्त लावलेले असतात. तिसरं, दुसऱ्या देशात हेच होईल असं धरू नका, शहरात कमावून गावाकडे पैसे पाठवणाऱ्यांची संख्या मोठी, एकाच कंपनीचं प्रचंड नेटवर्क, आणि केंद्रीय बँकेने सुरुवातीला आडकाठी न करता चालू दिलं, हे सगळं एकत्र जुळून आलं होतं. आणि चौथं, या अभ्यासावर टीकाही झालीय, की छोटे धंदे उघडले पण बंद किती पडले, जुगार आणि कर्जाचं ओझं किती वाढलं हे त्यात धरलं नाही. टीका वाचल्याशिवाय तो आकडा वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आकडा मला पटत असला तरी.

देशाच्या पातळीवर काय दिसतं

जीडीपी किती टक्क्यांनी वाढेल असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा, पण प्रांत-जिल्ह्याच्या पातळीवरचे चांगले पुरावे आहेत. भारतात १९७७ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेचा नियम होता की आधीच बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा उघडायची तर बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडा. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी दाखवलं की या काळात ग्रामीण शाखा वाढल्या तशी ग्रामीण गरिबी कमी झाली. थकबाकीही मोठी होती, फुकट काहीच झालं नाही. मेक्सिकोत ऑक्टोबर २००२ मध्ये बांको अझ्तेका या बँकेने इलेक्ट्रा या घरगुती वस्तूंच्या दुकानांमध्ये एका फटक्यात ८०० हून जास्त शाखा उघडल्या. ज्या भागांत ही दुकानं आधीपासून होती तिथे छोटे अनौपचारिक धंदे ७.६ टक्क्यांनी, रोजगार १.४ टक्क्यांनी आणि उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं.

मग वरच्या सहा देशांत कर्जाचा परिणाम एवढा मामुली का? याचं एक उत्तर आंध्र प्रदेशातून मिळतं. तिथे एकाच घराला तीन-चार कंपन्यांनी कर्जं दिली, वसुलीची जबरदस्ती आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून मायक्रोफायनान्सला लगाम घातला. परतफेड कोसळली, कंपन्यांकडे पैसा उरला नाही, आणि त्यांनी दुसऱ्या राज्यांतलं कर्जवाटपही आखडतं घेतलं, जिथे कर्जदार नीट फेडत होते. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांनी नेमके ते दुसऱ्या राज्यांतले जिल्हे पाहिले तर तिथे मजुरी आणि घरखर्च दोन्ही घटलेले. म्हणजे कर्जाचा परिणाम कर्जदारापुरता नसतो, तो ज्यांना कामावर ठेवतो, ज्यांच्याकडून खरेदी करतो त्यांच्यापर्यंत जातो, आणि शेजारच्या दोन घरांची तुलना करणाऱ्या प्रयोगात हे पकडीत येत नाही. हाच प्रकार उलट्या बाजूनेही लागू आहे, कर्जाचा फुगा फुटला की कर्ज न घेतलेलाही होरपळतो.

खर्चाचं एवढं बघा: फी आणि व्याज वर्षाच्या हिशोबात किती पडतं, एका कर्जदारावर किती कर्जं आहेत, आणि कर्ज कशाने फेडलं, कमाईतून की दुसऱ्या कर्जातून. परदेशातून घरी २०० डॉलर पाठवायला जगात सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास खर्च येतो, संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणायचं आहे, म्हणजे नुसती ही फी कमी झाली तरी गरीब घरांत थेट पैसा जातो, नवी योजना काढायची गरज नाही.

आकडे कुठून घ्यायचे

दोन जागा पुरतात. एक फिन्डेक्स, त्याचा मूळ डेटा जागतिक बँकेच्या साइटवरून फुकट उतरवता येतो, स्त्री-पुरुष, गाव-शहर, सर्वात गरीब ४० टक्के असे गट पाडून. दुसरा नाणेनिधीचा फायनान्शियल ॲक्सेस सर्व्हे, तो २००९ पासून आहे आणि त्यात केंद्रीय बँकांकडून आलेली माहिती असते, एक लाख प्रौढांमागे शाखा किती, एटीएम किती, हजार प्रौढांमागे खाती किती वगैरे. घोळ इथे होतो की पहिल्यात माणसं मोजतात आणि दुसऱ्यात खाती. एका माणसाची चार खाती असतात, त्यामुळे दर हजार प्रौढांमागे दीड हजार खाती दिसली म्हणजे सगळे आत आले असं नाही, निम्मे लोक बाहेरही असू शकतात.

फिन्डेक्स उघडलंच तर खात्याच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना लावून बघा: अचानक गरज पडली तर ३० दिवसांत पैसे उभे करता येतील का. २०२१ मध्ये विकसनशील देशांतल्या जेमतेम ५५ टक्के प्रौढांना हे फारशा त्रासाशिवाय जमत होतं, आणि खातं मात्र ७१ टक्क्यांकडे होतं. तुम्ही ज्या देशाबद्दल वाचताय तिथे हे अंतर किती आहे ते काढा, पैसे कुठून आणणार या प्रश्नाला लोकांनी बचत म्हटलंय की नातेवाईक की उसनवारी ते बघा, आणि मग ती पहिल्या स्लाइडवरची ओळ पुन्हा वाचा.